समोर बसलेली बाई

मुरगळला मॉडेलचा पाय, पण जमीन सरकली ती प्राध्यापिकाबाईंच्या पायाखालची. व्यक्तिचित्रणाची परीक्षा सुरू व्हायच्या बेतात होती, बोर्डांवर कागद लागले होते, आणि ज्या बाईने खुर्चीत बसायचे तिचा निरोप आला होता की आज घराबाहेर पडणे शक्य नाही.

प्राध्यापिकाबाईंचा विषय होता ‘कला आणि स्त्रीप्रतिमा’. चित्रकारांनी शतकानुशतके बाईला बसवून ठेवले. आरशापुढे बसवले, खिडकीशी बसवले, कंटाळा आला तेव्हा आडवे केले, आणि ती हलली नाही याला सौंदर्य असे नाव दिले, असा सिद्धान्त त्यांनी एका जाडजूड ग्रंथात मांडला होता. तो त्या वर्गात इतक्या थंड आवाजात सांगत, की पुढच्या बाकावरची मुले नकळत मागे सरकत. सरकता सरकता विद्यार्थी सहाच उरले होते. परीक्षा वेळेवर पार पडली नाही, तर पुढच्या वर्षापासून विषय बंद, असे प्राचार्यांनी हसतमुखाने सांगून ठेवले होते.

स्टाफरूममध्ये त्यांची आई बसली होती. दुपारी तिला दाढ दाखवायला न्यायचे होते. अडचण एकच: मॉडेल परीक्षकाची नातेवाईक असता कामा नये, असा नियम होता. पूर्वी एका सरांनी आपल्या बायकोला बसवले आणि मुलांनी ती हुबेहूब काढली म्हणून अख्खा वर्ग नापास केला, तेव्हापासूनचा.

“आई, खुर्चीत बसायचं. बाकी काही करायचं नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. आणि माझी आई आहेस हे सांगायचं नाही.”

“अगं, नाक बघून आंधळासुद्धा सांगेल.”

“आई!”

“बरं बाई. तू कोण, मी कोण.”

“या एक परिचित बाई आहेत,” प्राध्यापिकाबाईंनी वर्गाला सांगितले. व्यक्तिचित्र काढायचे, आणि सोबत टिपण लिहायचे: ‘समोर बसलेल्या स्त्रीत मला काय दिसले?’

आई बसली. पण काहीच न करण्याचा अनुभव तिच्या गाठीशी नव्हता. आधी तिने खुर्चीच्या पाठीवर कलात्मक रीतीने टाकलेली चादर ओढून तिची नीट घडी घातली.

“आजी, त्या चुण्या आम्ही काढत होतो!”

“तुम्ही कशाला, मी काढल्या ना!”

मग तिला बोथट पेन्सिली दिसल्या. सगळ्या मागवून घेऊन तिने त्या तासल्या. तोवर एका उंचाड्या मुलाच्या शर्टाचे लोंबते बटण तिच्या नजरेस पडले. पर्समधून सुईदोरा निघाला, मुलगा खुर्चीपाशी येऊन वाकला, आणि उरलेल्या पाच जणांना त्याची पाठ तेवढी दिसू लागली.

“आपण कृपया स्थिर बसाल का?” प्राध्यापिकाबाई बर्फासारख्या आवाजात म्हणाल्या.

“बसलेच आहे की. हात तेवढे चालतायत.”

“हातसुद्धा नको.”

“मग काय, काढून ठेवू?”

वर्ग खदखदला. एका मुलीने भीत भीत हात वर केला. “मॅडम, बाईला स्थिर बसायला लावणं ही हिंसा आहे, असं तुमच्या पुस्तकात आहे ना?”

“ते पुस्तकात!” प्राध्यापिकाबाई ओरडल्या. मग ते वाक्य त्यांच्याच कानांवर पडले.

तेवढ्यात बाहेरचे परीक्षक आले. हे वयोवृद्ध चित्रकार. त्यांच्या चित्रांतली एकही स्त्री आजवर उठून उभी राहिल्याचे ऐकिवात नव्हते. ग्रंथाचे चौथे प्रकरण त्यांचीच साले काढण्यात खर्ची पडले होते.

“चौथं प्रकरण वाचलं मी,” ते म्हणाले.

“कसं वाटलं?”

“झोंबलं.”

एवढे बोलून ते चित्रे पाहू लागले. एका चित्रात खुर्चीतल्या बाईंना चार हात होते. एकात हातांच्या जागी सुई आणि दोरा. एकात फक्त दोन डोळे आणि त्यांच्याखाली चादरीची घडी. त्यांनी एक टिपण मोठ्याने वाचले: ‘मी यांचा हात काढत होतो तेव्हा तो माझी पेन्सिल तासत होता. त्यामुळे चित्र अर्धं राहिलं. पेन्सिल छान झाली.’

विषय बुडाला, हे प्राध्यापिकाबाईंना कळून चुकले.

म्हातारेबुवा मात्र पुन्हा पहिल्या बोर्डापाशी गेले. “हातांच्या सहा जणांनी सहा तऱ्हा केल्यात. पण डोळे बघा. हा डावीकडे बसलाय, ती उजवीकडे, तरी सगळ्यांच्या चित्रातली नजर एकाच जागी पोचते.” त्यांचे बोट हवेतून सरकत गेले आणि टेबलापाशी थांबले. तिथे सकाळपासून प्राध्यापिकाबाई उभ्या होत्या.

“कोण लागतात या तुमच्या?”

‘कुणी नाही’ म्हटले असते तर परीक्षा वाचत होती. आईने तर पटकन मान खाली घातली. “मी नाही हो ओळखत या मॅडमना,” ती म्हणाली, आणि ते इतके वाईट वठले, की प्राध्यापिकाबाईंना बोलावेच लागले.

“आई आहे माझी.”

“आम्हाला मघाशीच कळलं होतं,” उंचाडा म्हणाला. “त्या सारख्या खुणा करून तुम्हाला पाणी प्यायला सांगत होत्या.”

परीक्षकांनी चष्मा पुसला. “नियम तर मोडलाय. मॉडेल आता बदलता येत नाही. परीक्षक बदलता येतो.” त्यांनी प्राध्यापिकाबाईंच्या हातातले लाल पेन काढून घेतले. “गुण मी एकटा देईन. तुम्ही आता परीक्षक नाही. बाहेर थांबा.”

ज्याची साले काढली त्यानेच विषय वाचवावा, हा अपमान की उपकार, याचा विचार करत त्या दाराकडे निघाल्या. दोनच पावले टाकली असतील.

“मॅडम, नका ना जाऊ!” मागून सहाही जण ओरडले. “आजींची मान वळली!”

खरेच, आईचा सगळा चेहरा दाराकडे फिरला होता. परीक्षकांनी घड्याळ पाहिले.

“अर्धा तास आहे अजून. बाई, टेबलापाशी उभ्या राहा. आणि जागचं हलायचं नाही.”

त्या उभ्या राहिल्या. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, तरी त्यांनी हात उचलला नाही. कागदांवर पेन्सिली खसखसू लागल्या. समोर एक बाई बसली होती. प्राध्यापिकाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. दुसरीकडे पाहण्याची परवानगी नव्हती.