तबकडीच्या तहाची हकीकत

श्रीवाग्देवता प्रसन्न. ऐकिलें तैसें लिहिलें, अधिकउणें असेल तें श्रोत्यांनीं पदरीं घ्यावें. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते समयीं तिसऱ्या मजल्यावरील राज्यीं वासुदेवराव महाराज सिंहासनीं, म्हणजे वेताच्या खुर्चीवर, विराजमान होते. महाराज भिडस्त, ग्रंथांत बहुत रमत, आणि चूक आपलीच असेल ऐसें धरूनच बोलों लागत. एके दिनीं युवराज मंदार यांनीं मसलत दिली कीं, "बाबा, सगळी गाणी आता फोनवर मिळतात. ह्या सीडींनी उगाच कपाट अडवलंय." महाराजांनीं ग्रंथाचें पान उलटिलें, तीच संमति ठरली, आणि मग महाराणी सुमतीबाईसाहेब यांनीं अवघ्या तबकड्या शेजारच्या राज्यीं सरलाताईंस दिल्या, कां कीं तेथें गॅलरीवर कबुतरांच्या स्वाऱ्या नित्य होत, आणि चकाकतें कांहीं टांगिलें तर शत्रु हटतो ऐसी ख्याति होती.

मग रविवारीं महाराजांनीं फोनवर एका जुन्या मैफलीची भैरवी लाविली. बुवा तेच, तान तीच. परंतु तानेमागून जेथें महाराजांचे दिवंगत स्नेही दिगंबरपंत पुढल्या रांगेंतून "वा, बुवा" म्हणत, तेथें कांहींच आलें नाहीं. महाराजांस वाटलें, आपलेच कान गेले. युवराजांनीं पाहून सांगितलें, "आवाज साफ केलाय, बाबा. खोकले, गडबड, सगळं काढलंय." म्हणजे दिगंबरपंत गडबडींत गेले. ती मैफल भरविणाऱ्या मंडळानें सभासदांस वाटिलेल्या तिच्या तबकडीवांचून पंतांचा आवाज महाराजांपाशीं कोठेंच नव्हता, आणि ती तर शत्रूसमोर टांगिली होती. मग महाराज स्वतः वकिलीस निघाले आणि दाराशींच थबकले.

"अहो, गेलात, की नुसत्या चपला घालून उभे आहात?" महाराणी आंतून वदल्या.

मग गेले. सरलाताईंनीं आदरें बसविलें, चहा दिला, आणि चहा निवाला तरी महाराज कबुतरांचीच विचारपूस करीत राहिले. शेवटीं म्हणाले, "आपली हरकत नसेल तर, त्यातली एक... म्हणजे चुकून आली असावी."

"भाऊजी, एक काढली की तिथूनच आत घुसतात मेली."

"बदली देतो. प्रिंटरबरोबर आलेली आहे. चकाकते छान."

"मग न्या की. कबुतरांना गाणं कुठे कळतंय?"

ऐसा तह जाहला. तबकडी सुतळीसह हस्तगत जाहली, ओरखडे बहुत, डागही होते ते कशाचे हें लिहवत नाहीं. महाराणींनीं ती धुतली आणि दांत घासण्याची पेस्ट बोटानें हलके चोळिली, आणि युवराजांनीं माळ्यावरून जुनें यंत्र उतरविलें, आणि महाराज सिंहासनीं बसले. भैरवी सुरू जाहली. तान आली. आणि मागून स्पष्ट, तोच किंचित् घोगरा स्वर, "वा, बुवा". आणि तेथेंच ओरखड्यावर अडून पुनः "वा, बुवा", आणि पुनः "वा, बुवा".

युवराज उठले, "थांबा, पुढे ढकलतो."

महाराजांनीं जन्मांत कोणास अडविलें नव्हतें. ते डोळे मिटूनच म्हणाले, "राहू दे रे. घाई काय आहे."

तात्पर्य, महाराजांचा जीव भांड्यांत पडला. त्या रविवारीं राज्यांत पानें फार उशिरां वाढिलीं आणि कोणीं तक्रार केली नाहीं. इतकें वर्तमान.