न पकडलेला चोर

अण्णांच्या जवाच्या रानातून बाहेर पडताना बांधावर झडती द्यावी लागते. पुरुषांनी खिसे उलटे करायचे, बायांनी पदर झटकायचा. जवाच्या ओंबीला लांब कुसळं असतात, ती कपड्याला चिकटतात. अण्णांच्या मते ती आपोआप चिकटत नाहीत. "इश्वास हाय," ते म्हणतात, "पर झटकून जा."

अण्णा माझे चुलत चुलते. मिरजगावजवळ आमचं गाव. सगळे कांदा नाहीतर ज्वारी करतात, अण्णा विहिरीकडेच्या तुकड्यात जवाचं नवं वाण करतात. दाणा जास्त यावा आणि तांबेरा रोग पडू नये, एवढीच त्यांची मागणी. थंडीत ते काट्याने एका जातीच्या फुलांतले पुंकेसर काढतात, दुसरीचा पराग झटकतात आणि ओंबीवर जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट चढवतात. पहिल्या वर्षी गावाला भानामतीचा संशय आला. अण्णांना गावाचा आला. फिटंफाट.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, शेतीची. पदवी मिरवते आणि मिरवणारच. तांबेऱ्याला हमखास बळी पडणाऱ्या जुन्या जातीच्या ओळी नव्या वाणांच्या मध्ये मुद्दाम लावायच्या, म्हणजे रोग पसरून खरा कस लागतो, हे मीच त्यांना सांगितलं. त्यांच्या स्वभावाला ते फारच मानवलं. "बराबर हाय. न पकडलेला चोरबी साळसूदच दिसतो," म्हणाले.

पण शेजारच्या रावसाहेबांना त्या रोगट ओळी बघवेनात. एका सकाळी त्यांनी कांद्याचं उरलेलं औषध अण्णांच्या रानावर मारून दिलं. रोग थांबला, वाणांचा कस लागलाच नाही आणि हंगामच वाया गेला. तेव्हापासून अण्णा उपकार करणाऱ्यावर दुप्पट नजर ठेवतात.

पुढच्या हंगामात सगळं रान तांबेऱ्याने लाल झालं, आणि एकच वाण हिरवं उभं राहिलं, ओंब्या भरून. नेमकी तेव्हाच मला संगमनेरला बियाणं कंपनीत नोकरी लागली. मी 'कंपनीवाल्या बाई' झाले. पर्स पोत्यावर उलटी, डब्याचं झाकण उघडं.

"अण्णा, मी घरची आहे," मी चिडून म्हणाले.

"कपाट कुठं हाय ते घरच्यालाच ठावं असतं."

काढणीनंतर मी निरोप घ्यायला गेले, तर अण्णांनी माझा डबा झडतीला थेट आतल्या खोलीत नेला. बऱ्याच वेळाने आणून दिला. नीट बंद केलाय, वाटेत उघडू नको म्हणाले.

संगमनेरला उघडला. भाकरी नव्हती. कडुलिंबाच्या पाल्यात लग्नपत्रिकेचं पाकीट, आत त्या हिरव्या वाणाचं बी. मला आधी वाटलं, हा सापळाच. माझ्यावर चोरीचा आळ घ्यायला. लगेच फोन लावला.

"उंदरानं खाल्लं, न्हाईतर मीच गेलो, तर दुसऱ्या घरी बी पायजे," अण्णा म्हणाले. "पोरं पुन्याला. जव म्हंजी काय, इचारतबी न्हाईत."

"पण कंपनीवाल्या बाईकडं?"



"पेरनीला तूच घिऊन ये. कुरियर नको."

"आणि झडती?"

"ती जानाऱ्याची आसती," अण्णा म्हणाले. "येनाऱ्याची न्हाई घेत मी."