सदर जागा वापरात आहे

ज्या गावात जागा रिकामी नसते, त्या गावाची प्रगती झालेली असते. आणि ज्या गावात रिकामी जागासुद्धा रिकामी नसते, ते गाव प्रगतीच्याही पुढे गेलेले असते. गुलाबी बोंडअळीच्या साली यवतमाळ या दुसऱ्या टप्प्यावर पोहोचले होते. नुजहत मॅडमना हे कळायला बरेच जोडे झिजवावे लागले.

नुजहत मॅडम मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या विद्यार्थिनींनी कापूस वेचणारा रोबोट केला होता. (त्या साली वेचायला कापूस नव्हता, ही बाब स्पर्धेच्या नियमांत अपात्रतेचे कारण म्हणून दिलेली नव्हती.) महिनाअखेर नागपुरात स्पर्धा होती. सरावाला सपाट फरशी, वर छप्पर आणि विजेचे एक बटण, एवढेच हवे होते. शाळेच्या व्हरांड्यातून मुख्याध्यापकांनी रोबोटला बाहेर काढले, कारण तो प्रार्थनेच्या वेळी हलत असे. जागा मिळाली नाही तर नाव मागे घ्यायचे ठरले, आणि जागादान समिती स्थापन झाली. अध्यक्ष, सचिव व सदस्य मॅडमच असल्याने सर्व ठराव एकमताने होत.

समिती प्रथम देवीलाल शेठच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, गेली. शेड एवढे मोठे, की त्यात हाक मारली तर उत्तर सावकाश येई.

"शेड रिकामं कुठं आहे, मॅडम?" शेठ चहा पुढे करत म्हणाले. "कापसाची वाट पाहून राह्यलं ते."

"पण शेठ, कापूस तर औंदा..."

"तुम्ही शिकलेल्या. आज तिथं तुमचं मशीन ठेवलं, तर लोकं काय म्हनतीन? शेठनं सीझन सोडला म्हनतीन!"

खेमसिंग शेतकऱ्याने मात्र मागताक्षणी घराची वरची खोली दिली. नवी कोरी, हवेशीर. फक्त जिना नव्हता. "जिना पुढच्या पिकावर, ताई. तवरिक शिडी देतो न!" रोबोट दोरीने वर गेला असता, पण मुलींच्या आया शिडीला तयार झाल्या नाहीत.

विमलताईंच्या बचत गटाचे सभागृह मिळाले, तेही एकाच अटीवर. रोबोटवर त्यांच्या दिवंगत यजमानांच्या स्मरणार्थ पितळी पाटी लावायची. पाटी लावली. तिच्या वजनाने रोबोट जागचा हलला नाही.

समितीने निष्कर्ष काढला: शहरात जागांचा तुटवडा नाही, मनांचा आहे. हे वाक्य मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत दोनदा म्हणून दाखवले.

लोहाऱ्याच्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. छप्पर, फरशी, बटण, सगळे आहे. ते मॅडमच्या अब्बांचे, जफर मिस्त्रींचे. मिस्त्री गेल्यापासून बंद. समितीच्या पाहणीत ते आले नाही, याचे कारण सरळ आहे. दर रविवारी मॅडम कुलूप काढत, अब्बांच्या स्टुलासमोर थोडा वेळ उभ्या राहत, आणि कुलूप लावत. याला वापर म्हणत नसतील, तर शहरातील निम्मी सरकारी विश्रामगृहेही बंदच म्हणावी लागतील.

शेवटी रोबोट करणाऱ्या मुलींपैकी ममताने विचारलेच. "मॅडम, तुमच्या अब्बांचं गॅरेज हाय न? मंग आपण गावभर कायले फिरून राह्यलो?"

"सदर जागा वापरात आहे," मॅडम म्हणाल्या.

"कोन वापरते?"

समितीने विषय पुढील सभेवर ढकलला.

"नाव मागं घ्याचं असंन तर आजच सांगा, मॅडम. आपल्या जियाची अम्मी म्हनते, सराव नसंन तर पोरगी घरीच बसंन. मंग ते काई परत येत नाही."

तेव्हा समितीने समितीकडेच अर्ज केला आणि तो सशर्त मंजूर झाला. स्टूल हलवू नये. भिंतीवर टांगलेले पाने-हातोडे काढू नयेत. कॅलेंडरचे पान उलटू नये. अर्धा उघडलेला गिअरबॉक्स अर्धाच उघडा राहावा. फरशीवरचा ऑइलचा डाग पुसू नये. (विमलताईंची अट एकच होती, हे मॅडमना त्याच क्षणी आठवले, त्यांनी ते मनावर घेतले नाही.)

रोबोट निघाला, डागावर आला आणि तिथेच थांबला.

"चाक फिरते, पन गाडी सरकत नाही," ममता म्हणाली.

"वळसा घाला."

"डाग मधातच हाय, मॅडम. वळसा घातला तं भिंत लागते."

गाडीखाली शिरताना अब्बा पाठ टेकत, ती ही जागा. मॅडमनी धुण्याचा सोडा आणि ब्रश आणला. "द्या, मी पुसतो," ममता म्हणाली. मॅडमनी दिला नाही. पोरी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. डाग जुना होता, निघायला वेळ लागला. समितीच्या अहवालात या कामाची नोंद नाही.

मग रोबोट सरळ गेला, त्याने कापसाचे एक बोंड उचलले आणि टोपलीच्या बाहेर टाकले. पोरींनी तरीही टाळ्या वाजवल्या. नागपूरच्या यादीत नाव कायम राहिले.

आता बाभुळगावच्या शाळेनेही रोबोट केला आहे, म्हणून समिती आपली पाहणी वाचकांच्या घरांपर्यंत नेत आहे. आपल्याकडे रिकामी खोली नाही, हे समितीला मान्य आहे; त्याबद्दल पुरावा मागितला जाणार नाही. फक्त हे वाचताना जे एक दार आपल्या डोळ्यांपुढे आले, ते आत उघडते की बाहेर, तेवढे कळवावे. पोरींना सरावाचे टेबल आत न्यायचे आहे.