अर्ध्या भैरूची उंची

"गुरुजी, अर्ध्या माणसावरून अख्खा माणूस काढता येतो का?"

त्र्यंबक गुरुजींनी चष्मा वर केला. तेहतीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. ठाण्यात, चेंदणीजवळच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी आसपासची मुलं गणितं घेऊन येत. मालू त्यातली सर्वांत लहानखुरी. पाचवीत होती, पण पहिल्या बाकावर बसूनही फळ्यासाठी मान उंच करणारी.

"काढता येतो," गुरुजी म्हणाले. "आधी तो अर्धा माणूस दाखव बघू."

मालूने कंपासपेटीतून घडी केलेला कागद काढला. बालमासिकातल्या चित्रकथेतला दर्यावीर भैरू होता. भरघोस मिशा, हनुवटीशी आलेली मूठ आणि मुठीतून थेट बेंबीपर्यंत लोंबणारा मासा. बेंबीखाली कागद फाटलेला.

"याचे पाय कुठे गेले?"

"कळव्याला. आजीने त्यात सुके बोंबील बांधून दिले गिऱ्हाइकाला."

मग सगळी हकिगत बाहेर आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात भैरूचं नाटक होतं. मालूला भैरूचे सगळे संवाद पाठ होते, इतरांचेही होते. पण नाटक बसवणाऱ्या हेमाबाई म्हणाल्या होत्या, "अगं, भैरू चांगला उंच असणार. सरोजला देऊ या." मालूने तिथल्या तिथे विचारलं होतं, "किती उंच? कुठे लिहिलंय?" हेमाबाई स्वतः गुरुजींच्याच विद्यार्थिनी. असल्या प्रश्नाला नाही म्हणणं त्यांच्या हातून झालं नाही. "तो तुझ्याएवढाच आहे, हे सोमवारपर्यंत सिद्ध करून दाखव," असं त्या म्हणून बसल्या.

"आणि तुझी उंची?"

"चार फूट," मालू हळूच म्हणाली. "बरोबर चार."

गुरुजींनी पट्टी काढली. "हे बघ, मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सातपट असते. चित्रात भैरूचं डोकं एक इंच, मासा दोन इंच. म्हणजे मासा दोन डोक्यांएवढा, आणि भैरू साडेतीन माशांएवढा. खऱ्या माशाची लांबी कळली की झालं."

इथे गुरुजी अडले. ते जन्माचे शाकाहारी. नावाने त्यांना एकच मासा ठाऊक होता, कारण समोरचे बँकवाले दर रविवारी जिन्यातूनच "आज सुरमई!" असं ओरडत वर जात आणि त्यांच्या पिशवीतून शेपूट बाहेर आलेलं असे.

"सुरमई. दोन फूट धरू. साडेतीन गुणिले दोन... सात फूट."

मालूने कागद उचलला, नीट घडी केली आणि ती ओट्यावरून उतरू लागली.

"काय झालं गं?"

"ही सुरमई नाय, गुरुजी. रावस आहे."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही गुरुजी आहात ना."

गुरुजींनी चष्मा काढून उगाच पुसला. मग चपला घातल्या. "चल. ज्याला माहीत आहे, त्याला विचारायचं."

मालूची आजी आवडाबाई मासळीबाजारात पाटी मांडून बसली होती. बाजाराच्या तोंडाशीच गुरुजींनी श्वास रोखला होता, बोलण्यापुरताच तोंडाने घ्यायचा म्हणून. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा चेहरा लाल झाला.

"मास्तर! तुमी हितं?" आवडाबाई उठूनच उभी राहिली. "पोरीने काय केला?"

"काही नाही. हा मासा केवढा असेल, ते सांगा."

आवडाबाईने कागद उजेडात धरला. "यो रावसाचा पिल्लू हाय. डोला बगा केवरा मोठा. लहानपनी डोलेच मोठे असतात, आंग मागून वाढतो." तिने हाताने मापून दाखवलं. "दोन वीत, त्यात दोन बोटं कमी."

गुरुजींनी तिथेच तिच्या वितीला पट्टी लावली. नऊ इंच. दोन विती अठरा, बोटांचे दोन वजा. सोळा इंच.

"साडेतीन गुणिले सोळा, छप्पन्न इंच. चार फूट आठ."

"सरोज चार फूट आठच आहे," मालू रडवेल्या आवाजात म्हणाली.

आवडाबाई मात्र अजून कागदाकडेच बघत होती. "मास्तर, माशाचा जाऊ द्या. या भैरूचे डोले बगा की! यो पन पोरच हाय. मिश्या कशा आल्या याला?"

दोघांनी मालूकडे पाहिलं. मालूने पायाच्या अंगठ्याकडे.

"मीच काढल्या," ती पुटपुटली. "बॉलपेनने. वीर आहे ना तो!"

गुरुजी इतक्या जोरात हसले की रोखलेला श्वास सुटला आणि सगळा बाजार एकदम नाकात शिरला. खोकत खोकतच त्यांनी हिशेब पुरा केला. "दहा-अकरा वर्षांच्या पोराची उंची डोक्याच्या सहापट धरायची. म्हणजे भैरू तीन माशांएवढा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. चार फूट! बरोबर चार!"

सोमवारी हेमाबाईंनी दोन पानांची सिद्धता वाचली आणि भैरूची भूमिका मालूला दिली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी मालू पुन्हा ओट्यावर उभी राहिली. अंगात भैरूचा पोशाख, हातात बोंबलाच्या वासाचा कागद. आवडाबाईने कळव्याच्या गिऱ्हाइकाला दटावून चित्राचा खालचा भाग परत मिळवला होता. त्यात गुडघाभर पाण्यात उभे पाय होते आणि त्याखाली छापलं होतं: 'आणि सहा फूट उंच भैरू पाण्याबाहेर आला!'

"आजी म्हणते, चित्र काढणाऱ्याने रावस कधी बघितलेलाच नाय," मालू म्हणाली. "चुलीत टाक म्हणते." ती थांबली. "पण तुम्ही सांगितलेलं ना, उत्तर चुकलं तर लपवायचं नाही."

हे आपण कशाला शिकवलं, असं गुरुजींना आयुष्यात प्रथमच वाटलं. ते मालूचा हात धरून शाळेत गेले.

हेमाबाईंनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. मालूच्या तोंडाकडे पाहिलं. मग गुरुजींकडे वळल्या.

"गुरुजी, सातवीत माझं हौदाचं गणित साफ चुकलं होतं. तरी तुम्ही मला पाचपैकी साडेचार दिलेत. आठवतं?"

"पायऱ्या बरोबर असतील. नुसत्या उत्तराचा अर्धाच गुण जातो."

"मग मालूचाही अर्धा गुण कापते," हेमाबाई म्हणाल्या. "मिशा मिळणार नाहीत. बाकी सगळा भैरू तिचा."

संध्याकाळी हेमाबाईंनी पुठ्ठ्याचा मासा काढला, तेव्हा आवडाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "पुठ्ठ्याचा? माज्या नातीच्या हातात? बाई, हसतील लोका मना!" तिने टोपलीतून खरा रावस काढला. दोन वीत, त्यात दोन बोटं कमी. हेमाबाईंचं काही चाललं नाही.

हिशेबात एकच गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे प्रमुख पाहुण्यांचं भाषण. ते सव्वा तास चाललं. पत्र्याच्या मंडपात, दिव्यांच्या उष्णतेत, रावस विंगेत वाट पाहत राहिला. अखेर पडदा उघडला आणि भैरू मासा उंचावून गर्जना करत पुढे आला, तशी पहिली रांग एकदम सावध झाली. पाहुण्यांना तातडीचं काम आठवलं. दुसऱ्या प्रवेशापर्यंत पुढच्या तीन रांगा उठून मागे गेल्या होत्या. मागे उभ्या राहिलेल्यांनी मात्र टाळ्या वाजवून मंडप दणाणून सोडला, कारण एवढा मोठा आवाज एवढ्याशा पोरीतून कुठून येतो, ते कोणालाच कळत नव्हतं.

पहिल्या रांगेत शेवटपर्यंत दोघंच बसून होती. आवडाबाई, आणि नाकाला रुमालसुद्धा न लावता त्र्यंबक गुरुजी.