पेडणेकर सरांचे दोन मणी

एकाहत्तराव्या वर्षी, म्हणजे तशी मी अल्लडच होते, मी एका शास्त्रज्ञाचा चालता संगणक बंद केला.

शेजारचे पेडणेकर सर चार दिवस वेंगुर्ल्याला गेले होते. किल्ली माझ्याकडे, तुळशीला पाणी घालायला. रिकाम्या घरात पंखा फिरताना दिसला तरी माझा जीव खालीवर होतो. इथे तर अख्खा डबा घरघरत होता. वर चिठ्ठी, 'हात लावू नये.' मी नाहीच लावला. भिंतीवरचं बटण बंद केलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आले.

सर परतले, काळा पडदा बघून मटकन खाली बसले. "बारा दिवसांचं गणित होतं, वयनी."

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरात एकटेच. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत त्यांची ख्याती मसालेभातामुळे. पूजेच्या पंगतीत हे शितं काडीने एका दिशेला लावत बसायचे, आणि वाढपी श्रीखंड घेऊन ताटकळायचा.

"टीव्हीच्या पडद्यात द्रव स्फटिक असतो ना, तो असा. पाण्यासारखा वाहतो, पण आतल्या काड्यांची तोंडं एकीकडे. आता हा वाटाणा ठेवला. भोवतीची शितं वाकडी झाली? दूरच्या दुसऱ्या वाटाण्यालाही तो वाकडेपणा जाणवतो. मग दोघे एकमेकांकडे सरकतात."

"कोणी न ढकलता?"

"तेच तर संगणकाला विचारतोय."

आणि त्याच संगणकाचा मी गळा दाबला होता.

दुसऱ्या दिवशी सर दारात. "पुन्हा पहिल्यापासून बघायचं आहे. रोज पाचला येत जा, वयनी. तुमच्यावर लक्ष राहील."

प्रायश्चित्त म्हणून मी रोज घावणे घेऊन जाऊ लागले. पडद्यावर बारीक काड्यांचं रान आणि त्यात दोन गोल मणी, एक मोठा, एक छोटा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "हे तर ढिम्म आहेत."

"थरथरतायत. चष्मा पुसा."

चौथ्या दिवशी मी मालिका सोडली. आठव्या दिवशी छोटा मणी उलटा फिरला आणि मला जेवण गेलं नाही. "अरे मेल्या, तिकडे कुठे?" मी पडद्याला दटावत होते. सर खुर्चीच्या टोकावर, हातातला चहा गार.

बाराव्या दिवशी सरांची मालवणी सुटली. "सरकलो गो वयनी, सरकलो!" छोटा मणी सुसाट मोठ्याकडे गेला, पण चिकटला नाही. केसभर फट ठेवून थांबला आणि मग दोघे जोडीने डुलू लागले. मी एवढ्या जोरात टाळ्या पिटल्या की खालच्या मजल्यावरून विचारणा आली.

रविवारी इंजिनिअर नात आली. तिला सगळं रंगवून सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "आजी, असले प्रोग्राम मधूनमधून सगळं साठवून ठेवतात गं. बटण बंद केलंस म्हणून काही पहिल्यापासून करावं लागत नाही."

मी तशीच चपला न घालता शेजारी गेले. "सर, मला बारा दिवस बनवलंत?"

सरांनी आधी संगणकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वयनी, तुम्ही बटण दाबायच्या आधीच ते दोन मणी भेटले होते. गावाहून आल्यावर संगणक परत चालू केला तेव्हा मला दिसलं. एवढं बघितलं, आणि वळून सांगायला घरात कोणी नव्हतं. म्हणून तुमच्याबरोबर परत पहिल्यापासून बघितलं."