बिनशेपटीची मगर

हाजी सार्मिलींनी तीन फूट लांबीची पावाची मगर मांडीवर आडवी घेतली, डोक्यावरची काळी टोपी सारखी केली आणि ड्रायव्हरला बजावलं, "मी सांगेन तशी गाडी घ्यायची. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही."

दुसरं कुणी म्हणजे त्यांची पुतणी मैमुना. ती मागच्या बाकावर मगरीची जोडीदारीण घेऊन बसली होती आणि तिच्या हातातला फोन सांगत होता की कालवा ओलांडून पलीकडे जा. हाजी सांगत होते की कालव्याच्या अलीकडेच वळ. जकार्ताशेजारच्या या बेकासीत जन्म कुणाचा, फोनचा की त्यांचा, असा त्यांचा साधा सवाल होता.

"काका, ती नवी वस्ती आहे," मैमुना म्हणाली. "पलीकडच्या बाजूला."

"मेलाती वसाहत ना? अगं, त्या जागेवर माझ्या बापाच्या म्हशी डुंबायच्या. माझी नाळ पुरलीय इथं. मला कोण रस्ता दाखवणार?"

मागून तीन गाड्या येत होत्या. त्यांत विड्याच्या पानांचं तबक होतं, फळांच्या टोपल्या होत्या, केक होते आणि नटूनथटून बसलेले एकवीस नातेवाईक होते. बेकासीतला एक रस्ता चुकला तर पुढचं वळण दीड किलोमीटरवर मिळतं, आणि तिथं पोचेपर्यंत दोन नवे मॉल आणि एक रुग्णालय उभं राहिलेलं असतं, असं लोक थट्टेनं म्हणतात. हाजींना ती थट्टा आवडत नसे. जकार्तावाले तर बेकासीला जायला पासपोर्ट लागतो म्हणतात, तेही त्यांना आवडत नसे.

पण आज हाजींना खरी काळजी वेगळीच होती. धाकटा भाऊ वारल्यावर त्याचा मुलगा सैफुल हाजींनीच वाढवला. सैफुल मोटरसायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला आणि शेजारच्या टेबलावरच्या पालुपीत त्याचा जीव अडकला. तीन वर्षं झाली. मागणी घालायची तारीख एकदा ठरली होती, ती हाजींनीच मोडली. दिवस शुभ नाही असा निरोप धाडला. खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा होती आणि हाजींचा पक्षी भलताच सुरात होता. त्याचा तिसरा नंबर आला. इकडे पालुपीचे थोरले काका रात्रभर गाडीत बसून लांबच्या क्लातेन गावाहून आले होते. ते पाहुण्यांची वाट बघून तसेच परत गेले.

हे थोरले काका म्हणजे हार्सोयो. चौतीस वर्षं स्टेशनमास्तर होते. घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी या वेळी निरोपात एवढंच कळवलं होतं की रविवारी दहा म्हणजे दहा. दहाला पाहुणे आले नाहीत तर एकच्या गाडीनं मी परत, आणि हा विषय संपला.

जुन्या रीतीप्रमाणे मागणीला नवरा मुलगा जात नाही. सकाळी निघताना सैफुलनं काकांचा हात कपाळाला लावला आणि हळूच विचारलं, "काका, या वेळी नक्की ना?" हाजींना ते फार लागलं. या वेळी कुणी फोनवरून घोळ घालू नये म्हणून त्यांनी फाटकाबाहेर पडताच सगळ्यांना फोन बंद करून पिशवीत टाकायला लावले. मैमुनानं एकटीनं वाटेत चालू ठेवला होता, तोही त्यांनी वळणावर बंद करायला लावला.

मेलाती वसाहतीच्या ड-७ गल्लीत बारा नंबरच्या घरासमोर गाड्या थांबल्या तेव्हा दहाला पाच कमी होते. हाजींनी मैमुनाकडे विजयी नजरेनं पाहिलं. दारात निळा मांडव होता. प्लास्टिकच्या खुर्च्या रांगेत मांडल्या होत्या. आणि पहिल्या खुर्चीत बाटिकचा कडक शर्ट घातलेले, ताठ बसलेले एक वृद्ध गृहस्थ हातातल्या घड्याळाकडे बघत होते. मैमुनालाही वाटलं की फोनच चुकला असेल.

"हेच ते मास्तर," हाजी पुटपुटले आणि मगर सावरत खाली उतरले.

घराचे मालक तातांग लुंगी आणि बनियनवर पिंजऱ्यातल्या पक्ष्याला अळ्या घालत होते. एकामागून एक तबकं घेतलेली माणसं दारात बघून त्यांनी घाईनं पिंजऱ्याचं दार लावलं. तातांग त्या गल्लीचे प्रमुख. गल्लीच्या कार्यक्रमांचा मांडव आणि खुर्च्या कायम त्यांच्याच दारात मांडलेल्या असत. सकाळपासून तिथं बसलेला म्हातारा बायकोच्या ओळखीचा असेल, असं त्यांना वाटलं होतं. गेल्या महिन्याच्या सभेत त्यांना डुलकी लागली होती आणि झोपेत ते सगळ्यालाच मान डोलावत होते. तेव्हा कुणाच्या तरी समारंभाला आपण अंगण देऊन बसलो, हे त्यांनी ताबडतोब ओळखलं. विसरलो म्हणावं तर गल्लीत छी-थू व्हायची. ते आत पळाले आणि शर्ट चढवून, हात जोडून बाहेर आले.

"या, या. बसा. आम्ही वाटच बघत होतो."

त्यांची बायको कोकोम हिला वाटलं, नवऱ्यानं बोलावलंय आणि नेहमीप्रमाणे मला सांगायचं विसरला. सकाळी साडेआठला तो ताठ म्हातारा टॅक्सीतून उतरला, 'आज कार्यक्रम इथंच ना?' असं विचारून खुर्चीत बसला, तेव्हाही तिला असंच वाटलं होतं. तिनं त्याला चहा दिला होता. माझा भाऊ येईलच इतक्यात, असं तो म्हणाला होता. आलेल्या माणसाला आधी खाऊपिऊ घालायचं, मग कोण कुठला ते विचारायचं, असं तिच्या आईनं शिकवलेलं. आणि खाऊन झाल्यावर विचारणं तर आणखीच वाईट दिसतं.

मग बोलणं सुरू झालं. पाहुण्यांनी हवेबद्दल विचारलं, यजमानांनी रस्त्यातल्या गर्दीबद्दल विचारलं. अशा वेळी मुद्द्याला थेट हात घालणारा माणूस अडाणी समजतात, त्यामुळे अर्धा तास कुणीच मुद्द्याला हात घातला नाही. हाजींचं सगळं लक्ष मास्तरांवर होतं. मास्तरांनी एकदा घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं आधी आलात."

"आमच्याकडं अशीच पद्धत आहे," हाजी म्हणाले, आणि मैमुनानं खोकला काढला.

इतक्यात, पाहुण्यांनी आणलेला पाव आत घेऊन गेलेली कोकोम बशा घेऊन बाहेर आली. चहाबरोबर पावाचे गोंडस काप होते. हाजींनी काप उचलला. त्यावर खवले होते.

मगर आयुष्यात एकदाच जोडी जमवते, म्हणून तर हाजींसारखे इथले मूळचे बेतावी लोक मागणीला पावाच्या मगरींची जोडी नेतात. ती मुलीच्या घरात मानानं मांडून ठेवायची असते. तिला सुरी लावायची नसते. हाजींच्या हातात मगरीच्या शेपटीचं टोक होतं. पण मुलीकडचे जावानीज, त्यांना आपल्या रीती कुठून ठाऊक असणार, असा विचार त्यांनी केला. समोर मास्तरांनी दोन काप संपवले होते आणि तिसऱ्याकडे बघत होते.

"पाव ताजा आहे," मास्तर म्हणाले.

हाजींनी अल्लाचं नाव घेतलं आणि शेपटी खाल्ली. मग ते उठले, घसा साफ केला आणि आठवडाभर न्हाणीघरात घोकलेल्या चार ओळी म्हणाले:

"कालव्याकाठी पेरू पिकला, पेरूवर बसला रावा,
पाण्यात तरली केळीची होडी, होडीत वाजला पावा;
फूल उमललं तुमच्या दारी, गंध आला गावा,
आमच्या पोरानं हट्ट धरलाय, वेल अंगणी लावा."

नातेवाईकांनी वाहवा केली. तातांगनीही केली, कारण सगळे करत होते. फूल म्हणजे नक्की काय हे त्यांना कळेना. त्यांच्या दारात तर फक्त कोरफड होती. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर सावकाश उभे राहिले. बेतावी माणसांना ओळींतच उत्तर द्यावं लागतं असं भावानं त्यांना कळवलं होतं, आणि ते गाडीत रात्रभर जागून तयारी करून आले होते.

"वाफाळला भात, केळीचं पान, पानावर ठेवली मिरची;
फुलाला जपणार असाल जन्मभर, तर हक्कानं घ्या खुर्ची."

म्हणजे होकार. हाजींचे डोळे भरून आले. गेला महिनाभर त्यांना नीट झोप नव्हती. सैफुलचा पडलेला चेहरा रात्री डोळ्यांसमोर येऊन बसायचा. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि एरवी दगडासारखे बसलेले मास्तर चक्क हसले. विड्याच्या पानांचं तबक पुढं सरकवलं गेलं. नातेवाईकांत बसलेल्या सैफुलच्या आईनं पदराआड अंगठी चाचपली.

"आता मुलीला बोलवा," हाजी तातांगना म्हणाले.

तातांगनी बायकोकडे बघितलं. कोकोमनं नवऱ्याकडे बघितलं.

"कुठली मुलगी?" कोकोमनं विचारलं. "आम्हाला तीन मुलगे. दोघांची लग्नं झाली. तिसरा नको म्हणतोय."

पिंजऱ्यातला पक्षी गात राहिला. हाजी मास्तरांकडे वळले. "म्हणजे हे तुमचे भाऊ नव्हेत?"

"मला वाटलं, वहिनीकडचे कुणी असतील," मास्तर म्हणाले. "माझी गाडी वेळेआधी पोचली. मी टॅक्सीवाल्याला गल्ली आणि नंबर सांगितला."

मैमुनानं पिशवीतून फोन काढून चालू केला. मुलीकडचे एकेचाळीस निरोप येऊन पडले होते. मुलीचं घर कालव्यापलीकडे नव्या मेलातीत होतं, तिथंही ड-७ आणि तिथंही बारा नंबर. मुलीचे वडील वारसितो हे साडेआठपासून स्टेशनवर थोरल्या भावाला शोधत होते, कारण भाऊ फोन बाळगत नसे. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या मांडवात त्या क्षणी खूश असा एकच माणूस होता. आपण काहीही विसरलेलो नाही हे कळल्यावर तातांगना इतकं हलकं वाटलं की त्यांनी लगेच मोटरसायकल काढली. "माझ्यामागून या. नव्या वस्तीची माणसं रोज एक तरी इथं येतात. परवा एक फ्रीज आला होता." कोकोम उरलेले काप डब्यात भरून त्यांच्या मागं बसली. लोकांची मगर आपण कापली, तेव्हा तोंड दाखवून माफी मागायला हवी, असं तिचं म्हणणं होतं.

हाजी या वेळी मागं, मास्तरांच्या शेजारी बसले. जागा नव्हती, म्हणून तुटकी मगर दोघांच्या मांडीवर होती. पुलावर गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. हाजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांना सैफुलचं तोंड दिसत होतं.

"मास्तर," ते शेवटी म्हणाले, "मागच्या खेपेला दिवस अशुभ नव्हता. माझ्या पक्ष्याची स्पर्धा होती."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर उंच इमारतींच्या मधे कुठंतरी एक विसरलेलं भाताचं शेत हिरवंगार उभं होतं.

"कितवा आला?" त्यांनी विचारलं.

"तिसरा."

"माझा कधी पाचाच्या आत आला नाही," मास्तर म्हणाले.

नव्या मेलातीत बारा नंबरच्या दारात वारसितो कमरेवर हात ठेवून उभे होते. स्टेशनवरून ते नुकतेच हात हलवत परतले होते. आत खिडकीशी पालुपी बसली होती. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. गाड्या बघून ती उठली, पण बापाच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा बसली.

"साडेअकरा," वारसितो म्हणाले. "ठरलं होतं दहा. एकदा झालं, आम्ही गप्प बसलो. आता माझ्या थोरल्या भावाला मी काय तोंड दाखवू? आम्हाला हे..."

तेवढ्यात गाडीच्या दुसऱ्या बाजूनं मास्तर उतरले. वारसितोंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

मास्तरांनी शर्ट खाली ओढला, आणि फलाटावर उभं राहून घोषणा करावी तशा आवाजात म्हणाले, "हे लोक नऊ पंचावन्नला आलेत. मी साक्षीला होतो."

"कुठं आलेत, दादा?"

"मी होतो तिथं. बोलणी झाली, मागणी झाली, मी होकारही दिलाय. पोरीनं हो म्हटलं की अंगठी घालायची. तेवढं राहिलंय, आणि जेवण."

थोरल्या भावाला उलट विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. वारसितोंनी खिडकीकडे पाहिलं. पालुपी मान डोलवत होती, आणि थांबायचं विसरली होती. हाजींनी तिथंच अंगणाच्या कट्ट्यावर बैठक मारली आणि मोठ्यानं श्वास सोडला. आत अंगठी चढली. मैमुनानं सैफुलला फोन लावला. पलीकडून तो काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही, कारण तो रडत होता.

जेवणाआधी मगरींची जोडी मानानं मांडली गेली. वारसितो वाकून बघत राहिले. त्यांनी शेजाऱ्यांकडून या रीतीची सगळी माहिती काढून ठेवली होती.

"मगर अखंड असते म्हणतात," ते संशयानं म्हणाले. "हिची शेपटी कुठंय?"

दाराशी उभ्या कोकोमनं डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"मी खाल्ली," मास्तर म्हणाले. "ताजी होती."

दुपारी तीनला परत निघताना हाजी पुन्हा पुढच्या सीटवर बसले. मांडी रिकामी होती. वसाहतीच्या फाटकाशी ड्रायव्हर थांबला आणि डावीकडे घेऊ की उजवीकडे, म्हणून त्यांच्याकडे बघू लागला. हाजींनी दोन्हीकडे पाहिलं. एका बाजूला नवा उड्डाणपूल होता. दुसऱ्या बाजूलाही नवा उड्डाणपूल होता.

"मैमुना," ते मागं न बघता म्हणाले, "तुझ्या त्या फोनला विचार, आपलं घर कुणीकडं राहिलं."