धाऊची राजधानी मी कशी जिंकली

साम्राज्य कसं उभारावं, ते मला विचारा. मी चार दुपारींत शिकलो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला चार दुपारी म्हणजे काहीच नाहीत!

गरज पडली ती भाताच्या लावणीमुळे. आमच्या सापगावात आठ घरांची सावड आहे. सगळ्यांनी मिळून एकाचं शेत लावायचं, मग दुसऱ्याचं. मजुरी नाही, फक्त त्या दिवशीचं जेवण शेतवाल्याचं. पहिला नंबर बांधाशेजारच्या धाऊचा आणि शेवटचा माझा, हे वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं. माझा नंबर येईपर्यंत माझी रोपं जून होतात आणि भात निम्मंच पिकतं. यंदा मी ठरवलं, पहिला नंबर घ्यायचाच!

त्याच सुमारास माझी भाची मनस्वी लॅपटॉप घेऊन राहायला आली. त्यात एक खेळ होता. पाळीपाळीने खेळायचं, गाव वसवायचं, शेती करायची, सैन्य ठेवायचं आणि साम्राज्य वाढवायचं. मी तिला म्हटलं, नवशिक्याला चार गोष्टी सांग.

"मामा, पहिलं शहर नदीकाठी वसव. दुसऱ्याला उशीर करू नको. एकही माणूस रिकामा ठेवू नको. आणि शेजारी दुखवू नको, तो शेवटपर्यंत लागतो."

पहिल्या तीन मी वहीत लिहून घेतल्या. चौथीच्या वेळेला चहा आला.

चार दुपारी सराव केला आणि मग मी धाऊला गाठलं. "आपण खेळू. जिंकेल त्याचा पहिला नंबर, हरेल त्याचा शेवटचा."

"मला कुठं येतंय रे खेळाय?" धाऊ म्हणाला.

"मी शिकवतो ना!" मी म्हटलं. माझा स्वभाव मुळातच उदार आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर युद्धाला तोंड फुटलं. म्हणजे माझ्याकडून फुटलं. धाऊने सैनिक एकही केला नाही. जमीन दिसली की शेत, जमीन दिसली की शेत! थोड्या वेळाने त्याची तीन माणसं चालत माझ्या हद्दीवर येऊन उभी राहिली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तुझं रान पडीक दिसतंय. लावून देतो. मंग तुझी माणसं माझ्याकडं धाड."

"धाऊमामा, या खेळात सावड नसते," मनस्वी म्हणाली.

"मंग हे लोक शेती करतात कशी गो?" धाऊने मनापासून काळजीने विचारलं.

मी तोवर वही पाहिली. एकही माणूस रिकामा ठेवू नको. माझे सैनिक रिकामेच उभे होते. मी युद्ध पुकारलं, त्याची तीन माणसं धरून आणली आणि चौथ्या पाळीला त्याची राजधानी घेतली. पडद्यावर तुताऱ्या वाजल्या!

धाऊने चष्मा काढून खिशात ठेवला. "बरं हाय. पयला नंबर तुझा." आणि गेला.

"धाऊभावजींनी चहा घेतला नाय," आमची काशी म्हणाली.

"निवला असेल," मी म्हटलं.

सकाळी काशीने वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या. मी चिखल करून बांधावर उभा राहिलो. सात वाजले. आठ वाजले. माणूस नाही! बांधापलीकडे पाहतो तर सातही घरं धाऊच्या शेतात वाकलेली.

"धाऊ, आज नंबर माझा ना?"

"तुझाच. मी कुठं नाय म्हटलं?"

"मग लावणीला माणसं कुठायत?"

धाऊने कंबर सरळ केली. "माझी तीन माणसं काल तू धरून नेलीस ना? त्यांना लाव."

"आमी येणार होतो," पलीकडून सावडीतला लखमा म्हणाला, "पण तुझ्याकडं सैन्य हाय म्हणं. भ्या वाटलं!" सगळं शेत हसलं. मला खरोखर लाज वाटली. कालची ती तीन माणसं कशासाठी आली होती, ते मला आत्ता कळत होतं.

"मामा, आता तह कर," माझ्यामागे बांधावर आलेल्या मनस्वीने सांगितलं. तहाच्या अटी धाऊने चिखलात उभ्या उभ्या घातल्या. माझा नंबर पूर्वीसारखा शेवटचा, आणि आजचं जेवण माझ्याकडचं. वीस माणसांच्या भाकऱ्यांची पाटी काशीने डोक्यावर घेतली आणि बांध ओलांडला. जाताजाता वळून म्हणाली, "तुमीपण उतरा. एकही माणूस रिकामा ठेवायचा नाय ना?"

संध्याकाळपर्यंत मी धाऊचं शेत लावलं. माझी रोपं अजून उभी आहेत, जून होत आहेत. पण खेळ मीच जिंकलो होतो, एवढं नमूद करून ठेवतो.